वादळानें व अतिपाण्यानें गांजलेल्या कुंडींतील टोमॅटोची निगा

सोलापूर जिल्ह्यांत पाणी कमी पडून झाड वाळलें असें सांगितलें तर कोणासहि नवल वाटत नाहीं. परंतु पाणी फार होऊन झाड वाळलें असें सांगितलें तर ऐकणारास आपली थट्टा चालली आहे असें वाटतें. यांत त्याचा दोष नाहीं. वर्षाकांठीं सरासरीनें सुमारें ५४५ मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख. बाराव्या शतकांत श्रीसिद्धरामेश्वरांनीं येथें तलाव खोदविला आणि गांवानें त्यांसच ग्रामदैवत मानिलें. पुढें १८७१ सालीं एकरुखचा तलाव झाला व १९८० सालीं भीमेवर उजनीचें धरण उभें राहिलें. पाण्यासाठीं इतका खटाटोप ज्या भूमींत पिढ्यान् पिढ्या चालत आला, तेथील माणसाचा हात कोमेजलेलें झाड दिसतांच पाण्याच्या तांब्याकडे जावा हें स्वाभाविकच आहे. प्रस्तुत लेख त्या हातास क्षणभर थोपवून धरण्यासाठीं लिहिला आहे.

अलीकडे पावसानें या जिल्ह्यास जे तडाखे दिले ते वाचकांच्या स्मरणांत असतीलच. ऑक्टोबर २०२० मध्यें बंगालच्या उपसागरांत उठलेलें कमी दाबाचें वादळ काकिनाड्याजवळ किनाऱ्यास लागलें आणि तेथें न विरतां तेलंगणांतून पश्चिमेस सरकत १४ तारखेस सोलापूर-पंढरपूर भागावर येऊन कोसळलें. २०२५ सालीं मे महिन्यांतील वळवानेंच झड धरली, नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस २५ मे रोजींच महाराष्ट्रांत दाखल झाला, आणि सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यांत सीनेस असा पूर आला कीं करमाळा, माढा व मोहोळ तालुक्यांतील उभीं पिकें तर गेलींच, पण कित्येक ठिकाणीं रानाची वरची मातीहि खरवडून निघाली. ज्याचें रान असें उघडें पडलें, त्याच्या घरीं पुढच्या हंगामापर्यंत माळवदावरच्या किंवा अंगणांतल्या चार कुंड्या हाच भाजीचा मळा उरतो. शिवाय घरच्या आंबट गावठी टोमॅटोचें बीं पुष्कळदां असल्याच कुंड्यांतून बायकांनीं राखलेलें असतें. संकरित बीं दुकानांतून केव्हांहि आणतां येतें. हें घरचें बीं एकदां गेलें म्हणजे कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. म्हणून वादळानें लोळविलेलीं व आठवडाभर चिखलांत उभीं राहिलेलीं तीं चार झाडें उपटून उकिरड्यावर टाकण्यापूर्वीं तीं वांचण्याजोगीं आहेत कीं नाहींत याचा नीट तपास करावा. आमच्या समजुतीप्रमाणें त्यांपैकीं निम्म्याहून अधिक झाडें मालकाच्या उतावळेपणानें मरतात. वादळानें मरत नाहींत.

शेतकऱ्यांच्या मासिकांत कुंड्यांची चर्चा कशास, तो तर शहरांतील हौशी मंडळींचा विषय, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, कुंडी म्हणजे एक लहानसें शेतच होय, आणि तेंहि वाईट निचऱ्याचें शेत. चिबड रानांत जें एका हंगामांत घडतें तें कुंडींत चार दिवसांत घडतें, आणि डोळ्यांसमोर घडत असल्यामुळें तें नीट पाहतां येतें. ज्यास कुंडींतील बुडालेलें झाड वांचवितां आलें, त्यास काळ्या रानांतील टोमॅटोच्या सऱ्यांत पाणी तुंबल्यावर काय करावें हें निराळें सांगावें लागणार नाहीं.

टोमॅटो, म्हणजे जुन्या माणसांचें वेलवांगें, हें मूळचें दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूस अँडीज पर्वताच्या परिसरांतील झाड. पाणी धरून न ठेवणाऱ्या उतारांवर ज्याचें कुळ वाढलें, त्यास पाण्यांत पाय घालून उभें राहण्याची संवय कोठून असणार? भात पाण्यांत उभा राहतो, कारण त्याच्या देठांतून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ वाटा असतात. टोमॅटोस ती सोय जवळजवळ नाहीं. त्याच्या मुळांस लागणारा प्राणवायु मातीच्या कणांमधील फटींतून यावयाचा, आणि त्या फटी पाण्यानें भरल्या म्हणजे येणें बंद. कारण प्राणवायु हवेंतून जितक्या वेगानें पसरतो त्याच्या सुमारें १०,००० पट मंद गतीनें तो पाण्यांतून पसरतो. गरमीच्या दिवसांत मुळांचा श्वास जलद चालत असल्यामुळें एका दिवसांतच मुळें गुदमरूं लागतात.

गुदमरलेल्या मुळांत एक द्रव्य तयार होतें. तें रसाबरोबर वर चढतें आणि पानांत हवा मिळतांच त्याचा एथिलीन नांवाचा वायु बनतो. आढींत घातलेले आंबे ज्या वायूनें पिकतात तोच हा. त्याच्या योगानें पानाच्या देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षां अधिक वाढते व सबंध पान खालीं वळतें. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील केंट ब्रॅडफर्ड व शांग फा यांग या संशोधकांनीं १९८० सालीं हा प्रकार टोमॅटोच्याच झाडांवर दाखवून दिला. शेतकऱ्यास त्यांतील रसायन लक्षांत ठेवण्याची गरज नाहीं, पण त्याची खूण लक्षांत ठेवलीच पाहिजे. पाणी जास्त झालेल्या झाडाचें पान प्रथम देठापाशीं खालीं वळलेलें दिसतें, तरी हातास तें भरींव व ताठ लागतें. तहानलेल्या झाडाचें पान ओल्या फडक्यासारखें लुळें लागतें. एवढा एक भेद बोटांनीं चाचपून पाहिला तर पुष्कळ झाडें वांचतील.

पुढची पायरी मात्र फसवी असते. पाऊस उघडतो, आणि सोलापूरचें ऊन कसें तें सांगावयास नको. दुसऱ्या दिवशीं दहा वाजण्याच्या सुमारास कुंडी तापूं लागते. मुळें अर्धमेलीं असल्यामुळें भोंवतीं पाणी असूनहि त्यांस तें वर ओढतां येत नाहीं, आणि आतां पानें खरोखरच लुळीं पडतात. पाण्यांत उभें असलेलें झाड तहानेनें मरूं लागतें. घरांतील कोणी तरी तें पाहतें, कळवळतें आणि तांब्याभर पाणी ओततें. संध्याकाळीं झाड आणखी मलूल दिसतें म्हणून आणखी एक तांब्या. तिसऱ्या दिवशीं खालचीं पानें पिवळीं पडतात, तेव्हां खत कमी पडलें असें समजून मूठभर युरिया टाकला जातो. इतक्या मायेपुढें झाडाचा टिकाव लागत नाहीं.

म्हणून पाणी घालण्यापूर्वीं माती पाहावी. वाफसा म्हणजे काय हें शेतकऱ्यास शिकवावयास नको. मातींत ओल आहे आणि हवाहि आहे, कुळव चालतो पण चिकटत नाहीं, अशी जी स्थिति तोच वाफसा. कुंडीलाहि वाफसा असतो. बोट दोन इंच खोल घालावें. माती बोटास चिकटून आली तर पाणी घालूं नये. लहान कुंडी असेल तर दोन्ही हातांनीं उचलून पाहावी. चार दिवस उचलून पाहिली कीं ओल्या व कोरड्या कुंडीच्या वजनांतील फरक हातास आपोआप कळतो. कुंभाराची भाजलेली कुंडी असेल तर बोटाच्या पेरानें टिचकी मारावी. आंतील माती सुकली असली तर खणखणीत नाद येतो, ओली असली तर बद्द. बाजारांत माठ घेतांना जी परीक्षा आपण करतों तीच ही. प्लॅस्टिकच्या बादलीस किंवा रंगाच्या डब्यास ही परीक्षा लागू नाहीं, आणि त्यांच्या भिंतींतून पाणी मुरून उडून जात नसल्यामुळें त्यांतील झाडें लवकर बुडतात, हेंहि ध्यानांत असावें.

आतां मातीविषयीं थोडें विस्तारानें बोलणें भाग आहे, कारण आपल्याकडे निम्मा घोटाळा तेथेंच होतो. घरची काळी माती सुपीक, तिजवर ज्वारी उत्तम येते, म्हणून तीच कुंडींत भरण्याची चाल आहे. रानांत ही माती तीन-चार फूट खोल असते. वरचें पाणी हळूहळू खालीं उतरावयास जागा असते, उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात व त्यांतून हवा खोलवर जाते. कुंडींत यांतलें कांहींच नाहीं. पाणी लागतांच ती फुगते आणि तिच्या बारीक फटी मिटून जातात. वर पाणी साचून राहतें व आंत लोण्याच्या गोळ्यासारखा चिखल होतो. वाळली म्हणजे ती आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि मग घातलेलें पाणी कडेच्या भेगेंतून सरळ खालच्या भोकांतून वाहून जातें. मालकास वाटतें कीं कुंडी भिजली. गाभा मात्र कोरडा ठणठणीत असतो. एकाच आठवड्यांत झाडास बुडण्याचा व तहानेचा असे दोन्ही भोग भोगावे लागतात. दोन भाग तांबडी अगर पोयट्याची माती, एक भाग पुरतें कुजलेलें चाळलेलें शेणखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा भरड वाळू, हें मिश्रण आम्हांस सर्वांत सोयीचें वाटतें. नुसत्या काळ्या मातींत मूठ दोन मुठी वाळू टाकून कांहीं साधत नाहीं. तेवढ्या वाळूचे कण चिखलांत लिंपले जातात व माती उलट अधिक घट्ट बसते. पुरानंतर नदीकांठीं सांठलेला मऊ गाळ पाहून कोणाच्या मनांत तोच कुंडींत भरण्याचें येईल. तोहि एकटा भरूं नये, त्याची वर पापडी धरते.

दुसरी एक रूढि आहे, तिजबद्दल आम्ही लिहिलें तर कित्येक वाचकांस राग येईल. कुंडीच्या तळाशीं दोन-तीन बोटें जाडीचा खापऱ्यांचा अगर खडीचा थर दिल्यानें निचरा चांगला होतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाहीं. बारीक मातींतील पाणी तिच्या सूक्ष्म फटींनीं धरून ठेवलेलें असतें. खालीं मोठ्या फटींचा खडीचा थर लागला म्हणजे, वरची माती पूर्ण तुडुंब होईपर्यंत तें पाणी त्या थरांत उतरत नाहीं. म्हणजे चिखलाचा जो थर कुंडीच्या तळाशीं राहिला असता तो खडीमुळें दोन बोटें वर, मुळांच्या अधिक जवळ येऊन बसतो. भोकावर उपडी ठेवलेली एकच खापरी पुरे. ती माती वाहूं देत नाहीं आणि पाण्याची वाटहि अडवीत नाहीं. खरा उपाय म्हणजे भोकें पुरेशीं व मोकळीं असणें आणि कुंडी खोल असणें. उथळ पसरट कुंडींत चिखलाचा थर तितकाच जाड, पण त्यावर मुळांस श्वास घ्यावयास उरलेली जागा मात्र थोडी.

वादळाचा पाऊस उघडल्यावर प्रथम काय करावें? थाळ्यांत अगर बशींत कुंडी ठेवली असेल तर थाळा काढून फेकावा. भोकांत काडी घालून तीं मोकळीं करावीं; माळवदाच्या मातींत कुंडी रुतून बसली असेल तर भोकें बंद झालेलींच असतात. मग कुंडी एका बाजूस विटेचा आधार देऊन तिरपी करावी, भोक खालच्या अंगास येईल असें पाहावें. सपाट ठेवलेल्या कुंडीपेक्षां तिरप्या कुंडींतून जास्त पाणी गळून जातें. हा उपाय फुकटाचा आहे आणि एका तासांत गुण दाखवितो. भोकांतून जुन्या धोतराची चिंधी वातीसारखी आंत सरकवून तिचें टोक खालीं लोंबत सोडलें तर ती वात आणखी पाणी ओढून काढते. वात नको असेल तर कुंडी कोरड्या मातीच्या अगर राखेच्या ढिगावर घट्ट टेकवून ठेवावी. खालची कोरडी माती पाणी शोषून घेते. वरची पापडी काडीनें हलक्या हातानें फोडावी, पण खोल खुरपूं नये. टोमॅटोचीं वांचलेलीं मुळें याच वेळीं वरच्या दोन इंचांत असतात, आणि खुरप्यानें तींच तुटतात.

झाड तीन-चार दिवस सांवलींत ठेवावें, मात्र वारा खेळेल अशा सांवलींत. पडवी किंवा लिंबाखालची जागा चांगली, बंद खोली वाईट. उचलतां येणार नाहीं एवढी मोठी कुंडी असेल तर पश्चिमेच्या बाजूनें गोणपाट बांधावें. सकाळीं सूर्योदयाच्या वेळीं झाडाकडे एकदां पाहावें. दुपारीं मान टाकलेलें झाड पहांटेपर्यंत सांवरत असेल तर मुळें जिवंत आहेत, काळजी नाहीं. पहांटेसहि तें तसेंच लोंबत असेल आणि माती ओली असेल, तर आंत पाहण्याची वेळ आली.

आंत पाहणें म्हणजे कुंडी उपडी करून मुळांचा गोळा हातावर घेणें. नाकास आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखी घाण आली तर माती सडली आहे. मुळें पांढरीं व टणक असतील तर तसाच गोळा परत ठेवून द्यावा. तपकिरी झालेलें मूळ चिमटींत धरून ओढल्यावर त्याची साल सुटून आंतला दोरा तेवढा हातांत राहत असेल तर तें मूळ मेलें; अशीं मुळें स्वच्छ कात्रीनें कापून, सडलेली माती झटकून, झाड नव्या हलक्या मातींत लावावें. मुळें जितकीं गेलीं त्या मानानें वरचा भारहि कमी केला पाहिजे. मोठीं झालेलीं हिरवीं फळें तोडून घ्यावीं. त्यांतील पुरतीं जून फळें गवतांत ठेवल्यास घरांत पिकतात, आणि उरलेल्या कच्च्या फळांची शेंगदाण्याचा कूट घालून जी चटणी होते ती सोलापुरांत वायां जाण्याची भीति नाहीं.

येथें टोमॅटोच्या झाडाचा एक मोठा गुण उपयोगीं पडतो. त्याच्या खोडावर, मातीजवळच्या भागांत, बारीक पांढरे फोड आलेले दिसतात. कित्येकजण त्यांस रोग समजून घाबरतात. ते रोग नव्हेत. खालचीं मुळें बुडालीं म्हणजे झाड खोडांतून नवीं मुळें काढण्याची तयारी करतें, त्याचे ते कोंब होत. त्यांस हाताशीं धरावें. खालचीं एक-दोन पानें काढून खोडाभोंवतीं दोन-तीन इंच हलकी, नुसती ओलसर माती चढवावी. आठ-दहा दिवसांत नवीं मुळें त्या मातींत शिरतात आणि झाड जुन्या सडक्या मुळांवर अवलंबून राहत नाहीं. वांगें किंवा मिरची यांस खोडावर अशी माती चढविल्यानें एवढा लाभ होत नाहीं.

वाऱ्यानें झालेली इजा निराळी. नुसतें आडवें झालेलें झाड एकदम ओढून सरळ करूं नये. उरलीं सुरलीं मुळें त्यांत तुटतात. दोन-तीन दिवसांत थोडें थोडें उचलीत न्यावें. खोड बुडाशीं हलून मातींत पोकळी पडली असेल तर ती बोटांनीं दाबून बुजवावी. आधारास तुराटी देण्याची चाल आहे, ती लहान रोपास ठीक. फळांनीं लगडलेल्या झाडास बांबूची अगर शेवरीची काठी पाहिजे. काठी कुंडीच्या कडेनें रोवावी, खोडाशेजारीं खुपसूं नये. बांधावयास सुती चिंधी किंवा अंबाडीचा सोल घ्यावा व काठी आणि खोड यांच्यामध्यें एक पीळ देऊन सैल बांधावें. तारेनें बांधलेलीं झाडें पुढच्या वावटळींत तारेपाशींच कापलीं जातात.

फांदी मोडली असेल पण साल व थोडें लाकूड जोडलेलें असेल, तर तीस जाग्यावर बसवून दोन काड्यांच्या मध्यें चिंधीनें आवळावें, जसें आपण कोकराचा मोडलेला पाय बांधतों. टोमॅटोचें खोड पुष्कळदां सांधतें. अगदीं तुटून पडलेल्या शेंड्याचाहि उपयोग आहे. सहा इंचांचा निरोगी तुकडा घेऊन खालचीं पानें व सर्व फुलें काढावीं, आणि ओलसर वाळूमिश्रित मातींत सांवलीस लावावा. दहा ते पंधरा दिवसांत त्यास मुळें फुटतात. संकरित वाण असेल तर त्याच्या फळांतील बियांपासून तसेंच झाड येत नाहीं, कलमापासून मात्र हुबेहूब तेंच येतें. तेव्हां मोडलेल्या शेंड्याचा हा फायदाच म्हणावयाचा. बोकड्या, म्हणजे पानें चुरगळून गोळा होण्याचा रोग, असलेल्या झाडाचा तुकडा मात्र कधींहि लावूं नये; रोग त्याबरोबर येतो.

गारांनीं फाटलेलीं पानें दिसावयास वाईट दिसतात म्हणून तीं सर्व खुडण्याचा मोह होतो. तो आवरावा. अर्धें फाटलेलें हिरवें पानहि उरलेल्या अर्ध्या भागानें झाडास अन्न करून घालतें. मातीस टेकलेलीं, पुरतीं पिवळीं पडलेलीं व काळे ठिपके आलेलीं पानें काढावीं. एका वेळीं झाडाच्या पानांपैकीं चौथ्या हिश्श्यापेक्षां अधिक काढूं नये. आणि हें काम झाड कोरडें झाल्यावर करावें. ओल्या झाडाची छाटणी म्हणजे एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाच्या जखमेंत आपल्या हातानें नेऊन घालणें होय.

अतिपाण्यानें कोमेजणें आणि मर रोगानें कोमेजणें यांची गल्लत फार होते, आणि या गल्लतीची किंमत जबर आहे. जंतूंमुळें होणाऱ्या मर रोगांत झाड हिरवेंगार असतांनाच एकाएकीं मान टाकतें. ओळखण्याची रीत सोपी आहे. बुडाजवळ खोड कापून त्याचा तुकडा कांचेच्या पेल्यांतील स्वच्छ पाण्यांत कापलेलें टोक बुडेल असा, न हलवितां धरावा. कांहीं मिनिटांत त्या टोकापासून दुधासारखा पांढरा धागा खालीं उतरूं लागला तर तो मर रोगच. त्यास औषध नाहीं. तें झाड मुळांसकट जाळावें, त्या कुंडींतील माती शेतांत किंवा दुसऱ्या कुंडींत टाकूं नये, आणि टोमॅटो, वांगें, मिरची, बटाटा यांपैकीं कांहींहि तींत लावूं नये. चार कुंड्यांसाठीं टाकलेली ती टोपलीभर माती मळ्यांत गेली तर सबंध मळ्याचें नुकसान करूं शकते. ज्यांच्या परसांत हा रोग घर करून बसला आहे त्यांनीं बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनें काढलेल्या अर्का रक्षक या संकरित वाणाचा विचार करावा. मर, लवकर येणारा करपा व बोकड्या या तिन्हींस तो दाद देत नाहीं अशी त्याची ख्याति आहे.

दमट हवेंत करपा येतोच. जुन्या खालच्या पानांवर एकांत एक वर्तुळें असलेले तपकिरी डाग ही त्याची खूण. बोर्डो मिश्रण त्यावर आजहि चांगलें काम देतें. फ्रान्सांतील बोर्डो भागांत १८८५ च्या सुमारास द्राक्षांसाठीं निघालेलें हें औषध आपल्या द्राक्षबागायतदारांस नवें नाहीं. नेहमींचें एक टक्क्याचें मिश्रण म्हणजे लिटरास १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम कळीचा चुना. पण पाण्यानें खचलेल्या झाडास आम्ही निम्म्या ताकदीचें, म्हणजे लिटरास प्रत्येकीं ५ ग्रॅमचें, पसंत करतों. मोरचूद व चुना निरनिराळ्या मातीच्या अगर प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावे व गाळून घ्यावे. घासलेल्या लोखंडी सुरीचें पातें त्यांत मिनिटभर बुडवून पाहावें; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, तो वाढवावा. मिश्रण त्याच दिवशीं वापरावें आणि फवारलेलीं फळें धुतल्यावांचून खाऊं नयेत.

फळें तडकणें व फळाचें बूड काळें पडणें या दोन तक्रारी वादळानंतर नेहमींच ऐकूं येतात. बऱ्याच दिवसांच्या ताणानंतर एकदम पाणी मिळालें कीं फळाचा गर सालीपेक्षां झपाट्यानें फुगतो व साल फाटते. आकाश भरून आलें असतां रंग धरूं लागलेलीं फळें आधींच तोडून घरांत पिकवावीं, यापलीकडे त्यास इलाज नाहीं. बूड काळें पडतें तें फळास चुन्याचा अंश कमी पोंचल्यामुळें. परंतु आपल्या जमिनींत चुनखडीचा तोटा नाहीं. तोटा आहे तो पाण्याच्या सारखेपणाचा. चुना पाण्याबरोबर वाहून फळापर्यंत जातो, आणि मुळें कधीं बुडालेलीं, कधीं वाळलेलीं असलीं म्हणजे ती वाहतूक मोडते. तेव्हां कुंडींत चुना टाकणारांनीं ते पैसे वांचवावे.

खताविषयीं घाई नको. पावसानें कुंडींतील विरघळणारें नत्र वाहून जातें हें खरें, व खालचीं पानें त्यामुळेंहि पिवळीं पडतात. परंतु आजारी मुळांभोंवतीं खताचें तीव्र पाणी झालें तर उरलीं सुरलीं मुळेंहि जळतात. शेंड्यास नवें, ताठ उभें राहणारें पान दिसेपर्यंत थांबावें. हें पान बहुधा आठवड्या-दीड आठवड्यानें दिसतें. नंतर शेणाच्या पाण्याची पातळ निवळ आठवड्यांतून एकदां द्यावी, अथवा लिटरास ५ ग्रॅम युरिया घालून संध्याकाळच्या वेळीं पानांवर हलकें फवारावें. गळालेल्या फुलांची खंत करूं नये; झाड सांवरलें व रात्रीं थोड्या गार झाल्या म्हणजे फुलें पुन्हां येतात.

इतकें करूनहि कांहीं झाडें जातील. मर रोगानें गेलेलीं व ज्यांचें खोड बुडाशीं मऊ व काळें पडलें तीं हातचीं गेलींच समजावीं. पण तीं गावठी बियाण्याचीं झाडें असतील व रोग मर रोग नसेल, तर उपटण्यापूर्वीं त्यांवर एखादें तरी पूर्ण रंगलेलें फळ आहे का तें पाहावें. तें फळ कापून बिया रसासकट मातीच्या वाटींत काढाव्या, वर पातळ फडकें बांधून एक-दोन दिवस आंबूं द्याव्या, म्हणजे बियांवरचें बुळबुळीत आवरण सुटतें. मग पाणी ओतून हलवावें. पोकळ बिया तरंगतात त्या टाकून द्याव्या, तळाशीं बसलेल्या धुवून सांवलींत कापडावर पसराव्या. कागदावर पसरूं नयेत, चिकटून बसतात. पुरत्या वाळल्यावर कोरड्या राखेंत मिसळून झांकणाच्या डब्यांत ठेवल्यास त्या तीन-चार वर्षें उगवतात. डब्यावर वाणाचें नांव व साल लिहून ठेवावें.